गंगूबाई हनगल : एका गाणाऱ्या घराची थोरली बाई

हिंदुस्थानी संगीतातल्या किराना घराण्याच्या थोर गायिका गंगूबाई हनगल यांचा जन्म 5 मार्च 1913 रोजी धारवाडला झाला आणि 21 जुलै 2009 रोजी हुबळीत त्यांचे निधन झाले. शहाण्णव वर्षांच्या या आयुष्यातली सुमारे पंचाहत्तर वर्षे त्यांनी मैफिलीत गाण्यात घालवली. धीरगंभीर, खर्जाकडे झुकणारा आवाज आणि एकेका स्वराला पुरेसा वेळ देणारी गायकी ही त्यांची ओळख देशभर झाली. पण त्यांचे मोठेपण मैफिलीपुरते नव्हते. त्या एका मोठ्या कुटुंबाच्या कर्त्या होत्या. आईने त्यांच्यासाठी केलेला त्याग त्यांनी मुलीच्या आणि शिष्यांच्या पिढीपर्यंत पोहोचवला. ज्या गावाने बालपणी त्यांना दाराबाहेर उभे केले, त्याच गावाला पुढे त्यांनी संगीताची प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांचे चरित्र समजून घ्यायचे तर गाणे, घर आणि गाव या तिन्ही गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात.

धारवाड-हुबळीचा सुरेल प्रदेश

धारवाड आणि हुबळी ही आज कर्नाटकातली जुळी शहरे. 1956 साली भाषावार राज्ये झाली, तोपर्यंत हा भाग मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात होता. इथली घरची भाषा कानडी. पण कचेरी, शाळा आणि रंगभूमी यांच्यामुळे मराठीचा वावरही मोठा. मराठी संगीत नाटक मंडळ्यांचे मुक्काम हुबळी-धारवाडला नेहमी पडत आणि नाटकातली पदे कानडी घरांतही गुणगुणली जात. म्हैसूरच्या दरबारात गायला जाणारे उत्तरेकडचे गवई याच वाटेने जात-येत आणि वाटेत इथे थांबत. भास्करबुवा बखले यांनी धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकवले होते. किराना घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले होते आणि धारवाडकडे त्यांचे सतत येणे-जाणे असे.

कर्नाटकी संगीताच्या या मुलखात हिंदुस्थानी संगीत रुजले ते असे, प्रवासी गवयांमुळे आणि नाटक कंपन्यांमुळे. पुढे याच पट्ट्यातून सवाई गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू, भीमसेन जोशी आणि कुमार गंधर्व असे गायक आले. गंगूबाई या मालिकेतल्या. फरक एवढाच, की या वाटेवर चालण्यासाठी बाई म्हणून त्यांना जी किंमत मोजावी लागली, ती त्यांच्या सोबतच्या पुरुष गायकांच्या वाट्याला आली नाही.

आईकडून आलेले घर

गंगूबाईंचे घर आईच्या बाजूने चालत आलेले होते. आजी कमलाबाई आणि आई अंबाबाई या दोघीही गायनाशी जोडलेल्या. अशा घरांतल्या बायकांना उच्चवर्णीय पुरुषाशी संसार करता येई, पण लग्नाच्या बाईचा मान मिळत नसे. मुले आईच्या घरी वाढत आणि आईकडचे नाव लावत. गंगूबाईंचे वडील चिक्कुराव नाडगीर हे शेतीवाडी असलेले गृहस्थ; तरी गंगूबाईंच्या नावापुढे लागले ते ‘हनगल’, म्हणजे आईच्या घराण्याचे मूळ गाव.

अंबाबाई कर्नाटकी पद्धतीच्या उत्तम गायिका होत्या. त्यांचे गाणे ऐकायला अब्दुल करीम खाँसारखे कलावंत येत, एवढी त्यांची योग्यता होती. गंगूबाईंच्या कानावर पहिले स्वर पडले ते आईचेच. त्या काळी ग्रामोफोन ही नवलाईची वस्तू होती. रस्त्यावरच्या दुकानातून तबकडीचे गाणे ऐकू आले, की लहानगी गंगू धावत जाऊन ऐकत उभी राही. जोहराबाई आग्रेवाली यांच्यासारख्या गायिकांचे गाणे तिने असेच ऐकले आणि घरी येऊन त्याची नक्कल केली. मुलीचा ओढा कर्नाटकी संगीताकडे नसून हिंदुस्थानी ख्यालाकडे आहे, हे अंबाबाईंच्या लक्षात आले.

धारवाडच्या शुक्रवारपेठेत या घराच्या आसपास बहुतेक वस्ती ब्राह्मणांची होती. शेजार असला तरी शिवाशिवीच्या मर्यादा कडक होत्या. शेजारच्या बागेतले आंबे तोडले म्हणून लहानपणी ऐकून घ्यावे लागल्याचा प्रसंग गंगूबाई पुढे सांगत. आंबे चोरले याचा शेजाऱ्यांना तितका राग नव्हता. गाणारणीची मुलगी बागेत शिरली, हाच मोठा गुन्हा ठरला होता. अनेक वर्षांनी त्याच घरातून त्यांना सन्मानाने बोलावणे आले. कडवटपणा न ठेवता त्या ही हकिगत सांगत, पण ती सांगायला विसरत नसत.

डिसेंबर 1924 मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हेच. तिथे स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींमध्ये अकरा वर्षांची गंगू होती. एवढ्या मोठ्या सभेत गाण्याचा आनंद होताच. पण जेवणाच्या वेळी जातीवरून आपल्याला वेगळे काढतील की काय, उष्टी उचलायला सांगतील की काय, ही धास्तीही मनात होती. देशाच्या स्वातंत्र्याच्या मांडवात उभ्या असलेल्या एका मुलीच्या मनात ही भीती असावी, यावरून त्या काळच्या समाजाची घडी कळते.

हुबळीत स्थलांतर आणि पहिले गुरू

गंगूबाईंचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. मुलीला हिंदुस्थानी संगीताची तालीम मिळावी म्हणून 1928 साली अंबाबाईंनी धारवाडहून हुबळीला बिऱ्हाड हलवले. कुटुंबाचा हा निर्णय साधा नव्हता. ओळखीचे गाव सोडायचे, मिळकतीची शाश्वती नाही, आणि हे सगळे एका मुलीच्या गाण्यासाठी.

हुबळीत किन्नरी हे तंतुवाद्य वाजवणारे कृष्णाचार्य हुलगूर यांनी गंगूबाईंना बंदिशी शिकवायला सुरुवात केली. त्यांच्याकडून सुमारे साठ चिजा गंगूबाईंच्या पदरात पडल्या. पुढे ही शिकवणी थांबली. त्यानंतर दत्तोपंत देसाई यांचे मार्गदर्शन मिळाले. बंदिशींचा साठा होत होता. पण राग कसा मांडायचा, आवाज कसा लावायचा, याची घराण्याची शिस्त अजून मिळायची होती.

याच काळात अंबाबाईंनी केलेली एक गोष्ट गंगूबाईंच्या साऱ्या आयुष्याचा पाया ठरली. कर्नाटकी आणि हिंदुस्थानी या दोन पद्धतींत स्वर लावण्याची, गमक घेण्याची रीत वेगळी. आपल्या गाण्याची छाया मुलीच्या कोवळ्या गळ्यावर पडू नये, म्हणून अंबाबाईंनी घरात कर्नाटकी गाणे थांबवले. ज्या विद्येवर घर उभे होते, तीच विद्या आईने मुलीच्या विद्येसाठी बाजूला ठेवली. स्वतः कसलेली गायिका असलेल्या बाईने असे मौन पत्करणे म्हणजे काय, हे गाणाऱ्यालाच नीट उमगेल. पुढे मोठी कीर्ती मिळाल्यावरही गंगूबाई आपल्या गाण्याचे श्रेय देताना आईचे नाव आधी घेत.

लहान वयात अंगावर आलेला संसार

1929 साली, सोळाव्या वर्षी, गंगूबाईंनी गुरुराव कौलगी यांच्याशी संसार मांडला. कौलगी वकील होते, ब्राह्मण समाजातले होते. गंगूबाई राहिल्या त्या हुबळीत, आपल्या माणसांतच, आणि त्यांच्या दोन मुलांनी व एका मुलीने आडनाव लावले ते हनगल. तीन पिढ्यांची आईकडची रीत अशी पुढे चालू राहिली.

गंगूबाई ऐन तरुण असतानाच अंबाबाई गेल्या. शिकवण्यासाठी घर हलवणारी, जिच्या जिवावर रियाज चाले ती आई नाहीशी झाली आणि घराचा भार थेट गंगूबाईंवर आला. पदरात मुले होती आणि मिळकतीचे साधन गाणे हेच होते. कौलगींच्या मिळकतीवर हे घर उभे नव्हते. त्यामुळे गाणे ही गंगूबाईंसाठी साधना होती, तशीच रोजची गरजही होती. मैफिलीची बिदागी, रेडिओचा कार्यक्रम आणि तबकडीचे पैसे यांतून घरखर्च, शिक्षण, आजारपण असे सगळे निघत होते. त्यांच्या गाण्याविषयी बोलताना हा भाग अनेकदा गाळला जातो. पण त्यांच्या चिकाटीचे मूळ इथेच आहे.

1930च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. काही तबकड्यांवर त्यांचे नाव ‘गांधारी’ असे छापलेले आहे. त्या काळी त्या ख्यालाबरोबर ठुमरी, भजन आणि भावगीतही गात. मराठी भावगीताचे एक आद्य गायक जी. एन. जोशी यांच्याबरोबर त्यांनी गायलेले द्वंद्वगीत मराठी घरांतही पोहोचले. या तबकड्यांवर ऐकू येणारा गंगूबाईंचा आवाज उंच आणि बारीक आहे. उत्तरायुष्यातल्या त्यांच्या भारदस्त आवाजाची सवय झालेल्या श्रोत्याला ही गायिका तीच आहे, हे सांगावे लागते. पुढे मुंबईसह वेगवेगळ्या रेडिओ केंद्रांवरून त्यांचे गाणे नियमित ऐकू येऊ लागले. मैफिलीला जाणे ज्यांना परवडत नव्हते किंवा शोभत नाही असे वाटत होते, त्या घरांतल्या बायकांपर्यंत त्यांचा सूर रेडिओनेच नेला.

कुंदगोळची वाट

गंगूबाईंच्या गाण्याला आकार दिला तो सवाई गंधर्वांनी. रामचंद्र कुंदगोळकर हे त्यांचे नाव, जन्म 1886. ते अब्दुल करीम खाँ यांचे पट्टशिष्य आणि मराठी संगीत रंगभूमीवरचे नामांकित गायक-नट. मूळचे कानडी मुलखातले असूनही मराठी पदांनी त्यांनी महाराष्ट्र जिंकला होता. नाटक कंपनीच्या मुक्कामात ते हुबळीला येत तेव्हा गंगूबाईंना अधूनमधून तालीम मिळे. रंगभूमी सोडून ते कुंदगोळला राहू लागले, तेव्हा 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात तालीम नियमित झाली.

कुंदगोळ हुबळीपासून वीसेक किलोमीटरवर. घरची कामे उरकून गंगूबाई रेल्वेने तिथे जात, तालीम घेत आणि रात्री परत येत. सोबतीला बहुधा मामा असत. त्याच काळात किशोरवयातला भीमसेन गुरुगृही राहून शिकत होता. तालीम संपल्यावर गंगूबाईंना स्टेशनपर्यंत पोहोचवायला तो जाई. गावातल्या लोकांना एका बाईने असे रोज येऊन गाणे शिकणे खटके. दारांत उभे राहून लोक पाहत, टोमणे मारत. गंगूबाई खाली मान घालून चालत राहत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

सवाई गंधर्वांची शिकवण्याची पद्धत संथ होती. एखादा पलटा, एखादी स्वरसंगती पुरती घटवल्याशिवाय ते पुढे जात नसत. बरेच राग थोडे-थोडे शिकवण्यापेक्षा मोजके राग मुळापर्यंत नेण्यावर त्यांचा भर होता. कंजूष माणूस पैसा जसा मोजून-मापून खर्च करतो, तसा गवयाने स्वर खर्च करावा, ही त्यांची शिकवण गंगूबाई शिष्यांना आवर्जून सांगत. या एका वाक्यात त्यांच्या पुढच्या सगळ्या गायकीचे सूत्र आहे. 1940च्या दशकात सवाई गंधर्वांना आजारपणाने गाठले आणि शिकवणे कमी होत गेले. पण तोवर गंगूबाईंचा मार्ग ठरला होता.

आवाज आणि गायकी

किराना घराण्याचे नाव उत्तर प्रदेशातल्या कैराना या गावावरून पडले. उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांनी विसाव्या शतकात या घराण्याला आजचे रूप दिले. स्वर अचूक आणि रसरशीत लागणे याला या गायकीत सर्वांत मोठे मोल आहे. लय विलंबित, म्हणजे अतिशय संथ असते. राग एकदम उलगडत नाही. षड्जापासून सुरुवात करून एकेक स्वर पायरीपायरीने वाढवत नेला जातो. याला बढत म्हणतात. ताना, लयकारी येतात, पण आलापीच्या मागून.

1940च्या दशकात गंगूबाईंना घशाच्या गाठींचा त्रास झाला आणि त्यावर उपचार करावे लागले. त्यानंतर त्यांचा आवाज बदलला. पूर्वीची उंच, पातळ धार गेली आणि त्याजागी जाड, भारदस्त, पुरुषी वाटावा असा आवाज आला. बायकांच्या आवाजाविषयी त्या काळच्या श्रोत्यांच्या आणि तबकडी कंपन्यांच्या ज्या अपेक्षा होत्या, त्यांत हा आवाज बसणारा नव्हता. दुसरी एखादी गायिका इथे हताश होऊन थांबली असती. गंगूबाईंनी या आवाजाला मानवेल तीच गायकी आणखी खोल केली. मंद्र सप्तकातले त्यांचे षड्ज आणि पंचम अंगावर येत. ठुमरी, भावगीत त्यांनी बाजूला ठेवले आणि ख्यालालाच वाहून घेतले. उत्तरायुष्यात हलके गाणे गायची विनंती झाली, तर त्या ठाम नकार देत.

भैरव, तोडी, आसावरी, भीमपलास, मारवा, पूरिया, यमन, शुद्ध कल्याण, मालकंस, चंद्रकंस, अभोगी हे त्यांचे आवडते राग. त्यांचा संग्रह जाणूनबुजून मर्यादित होता. अनवट राग गाऊन श्रोत्यांना चकित करण्याची हौस त्यांना नव्हती. पन्नास वर्षे गायलेला तोच मारवा त्या पुन्हा गात आणि कोमल ऋषभाची व्याकुळता प्रत्येक वेळी नव्याने जाणवे. मैफिलीत त्या ताठ बसत, एक हात कानाशी नेत, हातवारे मोजके करत आणि आवाज मोकळा सोडत. त्यांच्या गाण्यात लाडिकपणा नव्हता. एखादी कर्ती बाई घरातल्या मोठ्या कामाला हात घालते, तेव्हा तिच्या वागण्यात जी निश्चिंत ताकद दिसते, ती त्यांच्या गाण्यात होती.

मुलगी कृष्णा ही त्यांची शिष्या आणि दीर्घकाळची साथीदार. मैफिलीत दोघी शेजारी बसत. आई मंद्र आणि मध्य सप्तकात राग उभा करी. मुलीचा हलका, उंच आवाज तार सप्तकात आणि तानांत तो पुढे नेई. दोन पिढ्यांचे दोन आवाज एकमेकांना पूरक होऊन एकच राग घडवत आहेत, हे दृश्य अनेक वर्षे श्रोत्यांनी अनुभवले. घरातलेच शेषगिरी हनगल तबल्याच्या साथीला असत. व्यासपीठावर गंगूबाईंच्या भोवती अशी घरचीच माणसे दिसत. अंबाबाईंनी आपले गाणे थांबवून मुलीला जागा करून दिली होती. गंगूबाईंनी मुलीला आपल्या शेजारी बसवून गाते केले.

मैफिली, मान आणि अपमान

1930च्या दशकात कलकत्त्याच्या संगीत परिषदेला गंगूबाई गेल्या, तेव्हा त्यांची लहानखुरी अंगकाठी पाहून आयोजकांना शंका आली. ही मुलगी एवढ्या मोठ्या परिषदेत काय गाणार, म्हणून आधी खासगीत गाऊन दाखवायला सांगितले गेले. त्यांनी गायले आणि मग परिषदेतही त्या गाजल्या. त्यानंतर उत्तर भारतातल्या परिषदांची दारे त्यांना उघडली गेली.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते मात्र सर्वांत घट्ट राहिले. मुंबई-पुण्याच्या संगीत मंडळांनी त्यांना आरंभीच आपलेसे केले. अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांच्याशी त्यांचा स्नेह होता. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफिली केल्या आणि गाणाऱ्या बाईला सभ्य व्यासपीठ मिळवून दिले. गंगूबाई त्याच वाटेने पुढे गेल्या. सप्टेंबर 1952 मध्ये सवाई गंधर्वांचे निधन झाले. पुढच्या वर्षी भीमसेन जोशी यांनी पुण्यात आर्य संगीत प्रसारक मंडळातर्फे गुरूंच्या स्मृतिप्रीत्यर्थ संगीत महोत्सव सुरू केला. हाच आजचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. गंगूबाई आणि फिरोज दस्तूर हे सवाई गंधर्वांचे शिष्य त्यात दीर्घकाळ सातत्याने गात आले. थंडीतल्या त्या मैफिलींत गंगूबाईंचे गाणे ऐकलेल्या मराठी रसिकांच्या कितीतरी पिढ्या आहेत. कुंदगोळलाही नाडगीर वाड्यात गुरूंच्या पुण्यतिथीला रात्रभर गाणे होते. ज्या गावात त्यांनी एकेकाळी टोमणे ऐकले, तिथेच त्या सन्मानाने गात राहिल्या.

मान मिळाला तरी भेदभाव संपला नाही, हे गंगूबाई स्पष्ट बोलत. गवई मुसलमान असेल तर तो उस्ताद, हिंदू असेल तर पंडित. आणि केसरबाई, मोगूबाई यांच्यासारख्या महान गायिका मात्र शेवटपर्यंत बाईच, असे त्यांचे निरीक्षण होते. गाणे समान, रियाज समान, आणि मानाची मोजपट्टी वेगळी, ही तक्रार त्यांनी स्वतःपुरती केली नाही. आपल्या पिढीच्या सगळ्या गायिकांच्या वतीने केली. आज गायिकांना विदुषी म्हणण्याची रीत रुळली आहे, तिच्यामागे अशा स्पष्ट बोलण्याचाही वाटा आहे.

घराची कर्ती आणि गावाची थोरली

गंगूबाईंचे हुबळीतले घर ‘गंगालहरी’ म्हणून ओळखले जाई. त्या घरात मुले, नातवंडे, पुढे पतवंडे आणि त्याशिवाय शिष्य, पाहुणे, गावोगावचे कलावंत यांचा राबता असे. 1966 साली गुरुराव कौलगी गेल्यावरही घराचा कारभार आणि गाणे दोन्ही चालू राहिले. कार्यक्रमासाठी दूरवर प्रवास करायचा, परत येऊन घरचे पाहायचे, पुन्हा तंबोरा जुळवायचा, हा क्रम त्यांनी दशकानुदशके पाळला. देशात बहुतेक मोठे कलावंत मुंबई, कलकत्ता, दिल्ली अशा शहरांकडे वळले असताना त्या हुबळी सोडून गेल्या नाहीत. गुरूंचे गाव जवळ, आईची आठवण जवळ आणि शिकायला येणारी मुलेही तिथलीच.

धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात त्यांनी संगीताच्या मानद प्राध्यापक म्हणून काम केले. प्राथमिक शाळेपलीकडे न गेलेल्या बाईने विद्यापीठात शिकवावे, यात त्यांच्या विद्येचा गौरव होता आणि विद्यापीठाच्या दृष्टीचाही. शिकवताना त्या गुरूंसारख्याच कडक आणि धीराच्या होत्या. स्वर पक्का होईपर्यंत पुढे जायचे नाही, हा दंडक त्यांनी सोडला नाही. गरजू विद्यार्थ्याला घरात जेवण मिळे, हेही ‘गंगालहरी’चे शिक्षणच होते.

आपली कहाणी त्यांनी कानडीत सांगितली आणि ती आत्मचरित्र म्हणून प्रसिद्ध झाली. त्यात जातीचे चटके आहेत, गरिबी आहे, आईचे आणि गुरूंचे ऋण आहे. गाणाऱ्या घरातल्या बाईने आपल्या आयुष्याविषयी स्वतःच्या शब्दांत बोलावे, हे त्या पिढीत दुर्मीळ होते. संगीताच्या इतिहासकारांसाठी हे पुस्तक म्हणूनच मोलाचे साधन आहे.

सन्मान ओघाने आले. 1962 साली कर्नाटकाच्या संगीत-नृत्य अकादमीचा पुरस्कार, 1971 मध्ये पद्मभूषण, 1973 मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, 1996 मध्ये अकादमीची फेलोशिप आणि 2002 मध्ये पद्मविभूषण. मध्य प्रदेश सरकारचा तानसेन सन्मान आणि महाराष्ट्रातला दीनानाथ मंगेशकर प्रतिष्ठानचा पुरस्कारही त्यांना मिळाला.

अखेरची वर्षे

वयाच्या नव्वदीत गंगूबाईंना कर्करोगाने गाठले. 2003 च्या सुमारास त्या त्यातून सावरल्या. पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, कृष्णा हनगल यांचे कर्करोगाने निधन झाले. जिला शेजारी बसवून आयुष्यभर गायले, जिच्याकडे आपली विद्या सोपवली, ती लेक आईच्या आधी गेली. या आघातानंतरही गंगूबाईंनी गाणे सोडले नाही. मार्च 2006 मध्ये, कारकिर्दीच्या पंचाहत्तरीनिमित्त, त्र्याण्णव वर्षांच्या गंगूबाईंनी जाहीर मैफिलीत गायले. ती त्यांची अखेरची मैफल.

21 जुलै 2009 रोजी हुबळीत हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. अवयवदानाविषयी लोकांत जागृती व्हावी म्हणून त्यांचे नेत्रदान करण्यात आले. कर्नाटक सरकारने दोन दिवसांचा दुखवटा जाहीर केला आणि शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झाले.

त्यांच्या मागे संस्थांच्या रूपाने बरेच काही उभे आहे. म्हैसूर येथील कर्नाटक राज्य संगीत आणि प्रयोगकला विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. हुबळीत उणकल परिसरात त्यांच्या नावाचे गुरुकुल सुरू झाले असून तिथे विद्यार्थी गुरूंजवळ राहून शिकतात. 2014 साली टपाल खात्याने भारतीय संगीतकारांवर तिकिटे काढली, त्यांत भीमसेन जोशी, कुमार गंधर्व आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्याबरोबर गंगूबाईंचेही तिकीट होते. त्यांचे राहते घर आता त्यांच्या वस्तूंचे, छायाचित्रांचे आणि वाद्यांचे संग्रहालय आहे. त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान नव्या गायकांना व्यासपीठ देते.

या सगळ्याच्या तळाशी तीन पिढ्यांच्या बायकांची एक साखळी आहे. अंबाबाईंनी आपला सूर आवरला, गंगूबाईंनी तो आपल्या वाटेने मोठा केला आणि कृष्णाबाईंनी त्याला साथ दिली. हिंदुस्थानी संगीताचा इतिहास घराण्यांच्या नावांनी आणि उस्तादांच्या वंशावळींनी लिहिला जातो. त्या वंशावळींइतकेच मोलाचे काम मुलीला शिकवणाऱ्या, त्यासाठी गाव बदलणाऱ्या, टोमणे सोसून रेल्वे पकडणाऱ्या आणि शिष्यांना घरचे मानणाऱ्या अशा घरांनी केले. गंगूबाईंच्या दीर्घ आयुष्यामुळे त्या कामाला एक नाव आणि एक ठसठशीत आवाज मिळाला. आणि तो आवाज आज ध्वनिमुद्रणांतून, शिष्यांच्या गळ्यांतून आणि गुरुकुलाच्या तालमीतून पुढे चालला आहे.